जंतूंचं औषध

माझ्या वडिलांच्या, अप्पांच्या पायाची मधुमेहाची जखम भरत नव्हती. डॉक्टर म्हणाले, इन्सुलिनची इंजेक्शनं सुरू करा, नाहीतर पाय कापावा लागेल. अप्पांनी विचारलं, हे काढतेत कशातनं? डॉक्टर सरळ माणूस. म्हणाले, गाईच्या नाहीतर डुकराच्या स्वादुपिंडातून. झालं! आम्ही लिंगायत, कडक शाकाहारी. अप्पा चादरींच्या दुकानात कातडी पाकीटसुद्धा बाळगत नसत.

"पाय गेला तर जाऊ दे. जनावर अंगात घ्यायचं न्हाय," म्हणाले.

अव्वा, म्हणजे माझी आई, रडली, भांडली, मग बोलायचीच थांबली. मला राग यायला हवा होता, भीती तरी वाटायला हवी होती. काहीच वाटत नव्हतं. इंजेक्शनची बाटली आणून मी माठाशेजारी गारव्याला ठेवली होती आणि रोज जखम बांधत होते, एवढंच.

मी तेव्हा, १९७९ साली, कॉलेजात रसायनशास्त्राची डेमॉन्स्ट्रेटर होते. अशात ग्रंथालयात एक परदेशी मासिक आलं, नेहमीसारखं शिळं होऊन. त्यात होतं की अमेरिकेत जंतूंकडून इन्सुलिन करवून घेतलंय. दुपारी पट्टी बांधताना मी ते अप्पांना सांगितलं.

"जंतू तर रोग करतेत की."

"हे गरीब जंतू, अप्पा. आपल्या आतड्यातलेच. त्यांच्याकडून माणसाचं इन्सुलिन बनवून घ्यायचं. पण त्याच्या दोन साखळ्या, त्या पडल्या इवल्याशा. जंतू त्या परक्या समजून तोडून टाकतो. म्हणून प्रत्येक साखळी जंतूच्याच एका थोरल्या प्रथिनाला जोडून द्यायची. थोरल्याच्या आडोशाला धाकटं टिकतं."

"आन मग सोडवायचं कसं?"

"जंतू फोडायचे, ती जोडी वेगळी काढायची आणि नेमकं सांध्यावर तोडणारं रसायन घालायचं. इन्सुलिनमध्ये तसा सांधा कुठंच नाही, म्हणून ते शाबूत सुटतं. शेवटी दोन्ही साखळ्या एकत्र बांधायच्या."

"गड्ड्याच्या जत्रेत, गर्दीत लेकराला बापाचं धोतर धरायला लावतेत, तसं."

"व्हय."

"कवा मिळंल?"

खोटं बोलायचं मनातही आलं नाही. "अजून प्रयोगशाळेतच हाय, अप्पा. इथं यायला वर्षं लागतील. तोवर पाय राहायचा न्हाय."

 मी पट्टीची गाठ मारून उठले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला हाक मारली. "ती माठाशेजारची बाटली आन." आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून मोठ्याने म्हणाले, "ऐकलंस का गं? पोरीनं ते नवं औषध आणलंय. जंतूंचं. जनावराचा संबंध न्हाय."

अव्वाने तिथूनच हात जोडले. मी अप्पांकडे पाहिलं. ते भिंतीकडे पाहत होते. माझी सिरिंज उकळेपर्यंत त्यांनी अव्वाला थोरलं प्रथिन, धाकटी साखळी, सांधा, सगळं समजावलं, माझ्यापेक्षा सोपं करून. अव्वा कितीतरी दिवसांनी हसली.

मी सुई भरून गेले तेव्हा त्यांनी दार लोटून घ्यायला सांगितलं. गळ्यातलं इष्टलिंग म्हणजे आमचा देवच; ते कधी अंगावेगळं करत नाहीत. आंघोळीला नाही, आजारात नाही. माणूस गेला तरी त्याच्याबरोबरच पुरतात. अप्पांनी ते काढलं, कपाळाला लावलं आणि माझ्या डाव्या हातावर ठेवलं. त्याला त्यांच्या अंगाची ऊब होती. मी मूठ अलगद मिटली.

"ह्याला नगं," माझ्या मुठीतल्या लिंगाकडे बघत ते हळूच म्हणाले आणि बाही वर सारली. "मला दे."