दार लावलेली खोली

सुरतेत आमची मराठी ख्रिस्ती प्रार्थनासभा नवागाममध्ये एका भाड्याच्या खोलीत भरायची. चौऱ्याण्णवच्या प्लेगच्या वेळी गावी गेलेले बरेच जण परतले नव्हते. पुढच्या वर्षी मी तिथं जाऊ लागलो तेव्हा सभेत जेमतेम अठरा-वीस माणसं उरली होती. बहुतेक खानदेशातली, लूमवर काम करणारी. पाळक महिन्यातून एकदाच यायचे. उरलेल्या रविवारी वचन कोणी सांगायचं हा प्रश्न मी आल्यावर आपोआप सुटला, कारण सभेत बी. ए. झालेला मी एकटाच होतो.

मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावचा. वडील मिशनच्या शाळेत झाडलोट करायचे आणि त्याच शाळेत मी शिकलो. आमच्या मंडळीत एक रीत होती. बाया स्वयंपाकाला बसताना एक मूठ धान्य देवासाठी म्हणून वेगळ्या डब्यात टाकायच्या. माझी कॉलेजची तीन वर्षं त्या मुठींवर झाली. वसतिगृहात भाकरी मोडताना कधीकधी मला त्या बायांचे हात आठवायचे. म्हणून सुरतेत कापड मार्केटमध्ये कारकुनी लागली तेव्हा ठरवलं होतं की रविवार देवाच्या कामाला द्यायचा. पर्वत पाटिया भागातल्या माझ्या खोलीत शनिवारी मी वहीत मुद्दे काढून ठेवायचो. तयारी मनापासून करायचो, हे खोटं नाही.

सभेत एक लूम कारीगर होते. पन्नाशीचे, सडपातळ, दाढीच्या खुंटात कायम सुताचे बारीक तंतू अडकलेले. सगळे त्यांना काका म्हणायचे. सभेच्या आधी येऊन सतरंज्या तेच अंथरायचे, पिण्याचं पाणी तेच भरायचे. आणि सर्वांत पुढं, माझ्यापासून दोन हातांवर बसून, माझ्या तोंडाकडं एकटक बघत राहायचे. मला वाटायचं, माझं सांगणं त्यांना फार आवडतं.

शेवटी खुली प्रार्थना असे, ज्याला वाटेल त्यानं करावी. काका हमखास करायचे, आणि ती फार मोठ्या आवाजात. साधं मोठ्यानं नव्हे, रस्त्यापलीकडच्या माणसाला हाक मारावी तशी. त्यात प्रत्येकाचं नाव असायचं. कोणाच्या पोराला जुलाब, कोणाचं काम सुटलेलं, माझ्या आईचे गुडघे. आईच्या गुडघ्यांबद्दल मी एकदाच बोललो होतो, ते त्यांनी कधी सोडलं नाही. वरच्या मजल्यावरची बाई जिन्यातून ओरडायची, “काका, तुमचा देव सुरतमध्येच राहतो ना?” सगळे हसायचे. काकाही हसायचे, सगळे हसले म्हणून.

मला मात्र हसू येत नसे. शहरातल्या एका जुन्या गुजराती मंडळीचं सभागृह दर रविवारी दुपारी रिकामं असायचं. बाकं, पंखे, वचन सांगणाऱ्यासाठी छोटा ओटा. ते आम्हाला मिळावं म्हणून मी खूप हेलपाटे घातले होते. अखेर त्यांचे दोन वडीलजन आमची सभा बघायला येणार असं ठरलं. त्या आठवड्यात माझ्या मनात एकच धास्ती होती, की काका प्रार्थनेला उभे राहणार, ती पांढऱ्या कपड्यांतली माणसं एकमेकांकडं बघणार, आणि आम्ही कोण आहोत ते त्यांना कळणार.

आम्ही म्हणजे कोण? तेव्हा मी स्वतःला हे विचारलं नाही. मीही काकांसारख्या माणसांतलाच होतो आणि ते लपवायचं होतं, एवढं आज कळतं.

बायबलमधला मत्तयाचा सहावा अध्याय मी त्या रविवारसाठी निवडला. लोकांना दिसावं म्हणून चव्हाट्यावर उभं राहून प्रार्थना करणारे, आणि त्याउलट आपल्या खोलीत जाऊन, दार लावून, गुप्तपणे बापाशी बोलणारा माणूस. मी अर्धा तास सांगितलं. देव बहिरा नाही, त्याला ओरडून सांगावं लागत नाही, असंही म्हणालो. ते पुस्तकात नव्हतं, ते माझं होतं. आणि ते सगळं मी काकांकडं बघून बोललो. नजर जरासुद्धा हलवली नाही. पाहुण्यांना वाटलं असेल, किती तळमळीनं सांगतो.

खुल्या प्रार्थनेची वेळ झाली. काका उठले नाहीत. बायांनी दोन-तीन हळू प्रार्थना केल्या आणि सभा संपली. निघताना पाहुण्यांपैकी एकानं माझा हात धरून हिंदीत म्हटलं की तुमची मंडळी शांत आहे, शिस्तीची आहे. पुढच्या महिन्यापासून सभागृह आमचं झालं. मी त्या दिवशी बसनं न जाता चालत घरी गेलो, इतका आनंदात होतो.

सभागृहात पहिल्याच रविवारी काका सर्वांत शेवटच्या बाकावर, चपलांजवळ जाऊन बसले. तिथून ओट्यापर्यंत चांगलं मोठं अंतर होतं. मी बोलत असताना ते बायबल मांडीवर ठेवून खाली बघत राहिले. प्रार्थना केली नाही. दुसऱ्या रविवारीही तसंच. माझ्या मनात आलं, माणूस सुधारला. नम्र झाला.

तिसऱ्या रविवारी सभा सुटल्यावर त्यांच्या बायकोनं मला पायरीवर गाठलं. सगळे त्यांना मावशी म्हणत. घरच्यासारखं अहिराणीतच बोलायच्या आणि कुणाची भीड ठेवायच्या नाहीत.

“भाऊ, तुमनं शिकेल डोकं, माले एक सांगा. तुमना काकास्ले काय सांगं तुम्ही? त्या आते सभामा तोंडच उघाडत नही.”

मी म्हणालो, काकांना वचन लागलं असेल. देव माणसाला बदलतो.

त्या माझ्याकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “त्यास्ले ऐकू येत नही, माहीत शे ना तुमले?”

मला माहीत नव्हतं. वर्षभर दर रविवारी त्या माणसाच्या दोन हातांवर उभा राहून मला ते कळलं नव्हतं. मावशींनी सांगितलं ते असं. वीस वर्षं लूमच्या आवाजात गेली, कान कधी गेले ते त्यांचं त्यांनाही समजलं नाही. लूमच्या कारखान्यात सगळेच ओठांवरून बोलणं ओळखतात, तसे तेही ओळखतात. म्हणून सभेत पुढं बसायचे. आणि स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू येत नाही, तो छातीत घुमल्यासारखा लागला की मगच त्यांना वाटतं आपण बोललो.

“आते त्या मांगे बसतस,” मावशी म्हणाल्या. “तठून तुमनं तोंड दिसत नही. तीन रविवार व्हयनात, त्या नुसता बसी राहतस.”

मंगळवारी मार्केटमधून सुट्टी काढून मी काकांच्या खात्यावर गेलो. लूमच्या कारखान्याला तिथं खातं म्हणतात. पत्र्याच्या दारातून आत पाऊल टाकलं आणि आवाजानं मला मागं ढकललं. जमीन पायाखाली थरथरत होती. मी मोठ्यानं हाक मारली, ती माझी मलाच ऐकू आली नाही. दोन ओळींच्या मधल्या अरुंद वाटेत काका फिरत होते. तुटलेली सुताची तार जोडायची, लूम पुन्हा चालू करायचं, पुढं जायचं. हात चालत होते आणि तोंडही सारखं हलत होतं. शेजारच्या कारीगरानं मी कोणाला बघतोय ते ओळखलं. तो माझ्या कानाला तोंड लावून हिंदीत ओरडला, “बाबा का पूजा चालू है. दिनभर चलता है.”

मी तिथं उभा राहून बघितलं. ओठ ओळखायची सवय मला नाही, पण एक शब्द ओळखता आला. गुडघे.

जेवणाच्या सुट्टीत काका बाहेर आले. मला बघून त्यांना फार आनंद झाला. डबा उघडून त्यांनी अर्धी भाकर माझ्यापुढं केली. त्यांच्यासमोर नीट बसून, ओठ दिसतील असं हळू बोलत, मी विचारलं, काका, प्रार्थना का बंद केली?

“बंद कुठं केली?” ते म्हणाले. त्या मोठ्या आवाजानं समोरच्या चहाच्या टपरीवरची दोन माणसं वळून बघू लागली. “तुम्ही म्हटले होते ना, खोलीत जा, दार लाव. आमच्या घरी खोली एकच, तिच्यात सहा माणसं. मग मी विचार केला, खात्यात बरं. इथं कितीही बोला, कोणालेच ऐकू येत नही. आता दिवसभर बोलतो त्याच्याशी.”

मी भाकरीकडं बघत होतो. त्यांनी माझ्या गुडघ्याला हात लावला. मी वर बघावं, म्हणजे त्यांना उत्तर दिसेल, म्हणून असेल.

“आणि सर, त्या दिवशी तुम्ही माझ्याकडं बघूनच बोलले सगळं. लोक बोलता बोलता तोंड फिरवतात, माझं अर्धं सुटून जातं. तुमचा त्या दिवशी शब्द न् शब्द कळला. फार उपकार झाले.”

तेव्हाच खरं सांगायला हवं होतं. मी म्हणालो, भाकर छान आहे. मग भोंगा वाजला आणि ते आत गेले. मी त्यांना एवढंच सांगू शकलो की रविवारी पुढच्या बाकावर बसा. ते म्हणाले, पाहुण्यांची जागा ती, आम्ही मागंच बरे. म्हणजे पाहुण्यांसमोर आपण दिसू नये, तेवढं त्यांना कळलं होतं.

पुढच्या रविवारी मी वही आणली नाही. ओट्यावर उभा राहून सांगितलं की सहावा अध्याय मी देवासाठी निवडला नव्हता, पाहुण्यांसाठी निवडला होता. आपल्यातल्या एका माणसाचा आवाज मला नको होता. त्याची मला लाज वाटत होती, म्हणून मी येशूचे शब्द त्याच्या तोंडावर हात ठेवावा तसे वापरले. हे बोलताना माझी मान खाली होती. लाजेनं ती वर होईना.

बायांच्या बाकावरून मावशी म्हणाल्या, “मान वर करा भाऊ. त्यास्ले दिसत नही.”

मी ओट्यावरून उतरलो. बाकांच्या मधून चालत चपलांपर्यंत गेलो. सगळे माना वळवून बघत होते. काकांच्या समोर उकिडवा बसलो, आणि तेच सगळं पुन्हा, हळू, त्यांच्याकडं बघत सांगितलं. तेच शब्द, तशीच नजर न हलवता. ते माझ्या ओठांकडं बघत होते. मध्येच त्यांचा चेहरा बदलला, तो मी पाहिला. तो बदलेपर्यंत तो माणूस मला चांगला समजत होता.

मग त्यांनी विचारलं, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज इतका बारीक आला की मला पुढं झुकावं लागलं.

“पण वचन तर खरं होतं ना?”

“हो काका. वचन खरं होतं.”

“मग झालं,” ते म्हणाले.

त्यानंतर ते पुढच्या बाकावर बसू लागले. सतरंज्या आता नव्हत्या, पण पाणी तेच भरायचे. मी बोलताना मान वर ठेवायला शिकलो. खुल्या प्रार्थनेच्या वेळी मी दर रविवारी जास्त वेळ थांबायचो आणि डोळे मिटायचो नाही. काका उभे राहायचे. डोळे मिटलेले, दोन्ही हात छातीवर, ओठ हलत असायचे. आवाज येत नसे. पुढं दोन वर्षांनी ते कायमचे गावी गेले, तोपर्यंत त्यांचा तो मोठा आवाज मला पुन्हा ऐकायला मिळाला नाही.