साध्या पाण्यावर चमकणारं रोप

माझ्या संशोधनाबद्दल आईला एवढंच कळलं होतं, की विषय कॅल्शियमचा आहे. दुधाचा पेला पुढे करत ती म्हणे, "झाडांचं मग बघ, आधी स्वतःची हाडं सांभाळ."

आम्ही दिल्लीच्या द्वारका भागात नुकतेच राहायला आलो होतो. मेट्रोचे खांब उभे राहत होते आणि संध्याकाळी गुडगावच्या कॉल सेंटरच्या गाड्या सोसायटीच्या गेटवरून माझ्या बरोबरीच्या मुलींना घेऊन जात. तशीच एक नोकरी मलाही मिळत होती. हो की नाही ते विचारायला सोमवारी फोन येणार होता. आई म्हणायची, घे बाई, लोक तरसतात. मला मुळीच जायचं नव्हतं. माझा जीव रोपांत अडकला होता, आणि रोपं तर वैर धरून बसली होती.

एरवी पेशी कॅल्शियम आतल्या कोठारात कोंडून ठेवते. रोगाची चाहूल लागली की दारं उघडतात, कॅल्शियमचा लोंढा येतो आणि पेशी समजते, आता भिंत जाड करा, लढायचंय. आमच्या रोपांत जेलीफिशचं एक प्रथिन घातलेलं होतं. कॅल्शियम वाढलं की ते निळसर चमके. चमक इतकी अंधुक, की डोळ्यांना दिसत नसे. काळोख्या डब्यातलं यंत्र ती टिपून पडद्यावर रेघ काढी. बुरशीचा अर्क दिलेलं रोप चमकायला हवं, साधं पाणी दिलेलं गप्प राहायला हवं. माझी दोन्ही चमकत. पाण्याला कोण एवढं घाबरतं? मी पाणी बदललं, भांडी बदलली, एकदा चक्क रडले. शेवटी माझ्या गाइड मॅडमनी सांगून टाकलं, "शुक्रवार तक ठीक नहीं हुआ, तो ये टॉपिक बंद."

शुक्रवारी त्या स्वतःच शेजारी येऊन उभ्या राहिल्या. मी पाण्याचं रोप डब्यात ठेवलं आणि झाकण लावणार, तोच त्यांनी माझं मनगट धरलं.

"ये अभी क्या किया?"

"कुछ नहीं, मॅडम."

"तुमने पत्ते को छुआ. फिर हाथ माथे से लगाया."

मला पत्ताच नव्हता! शिलाई मशीन सुरू करताना, स्कूटरला किल्ली लावताना, परीक्षेचा पेपर हातात आला की आधी स्पर्श करायचा आणि बोटं कपाळाला लावायची, हे आईने लावलेलं वळण. नुसता हात लागला तरी पेशीत कॅल्शियम उसळतं, हे सेमिनारमध्ये सगळ्यांना मीच ऐकवलं होतं. मॅडम हसून हसून स्टुलावर बसल्या. "प्रणाम करो, बिल्कुल करो. लेकिन दूर से!"

दुसरं रोप घेतलं आणि लांबूनच हात जोडले. रेघ सपाट. अर्क दिलेल्या रोपाची मात्र अशी उसळली, की मॅडमनी माझ्या पाठीवर थाप मारली. आनंदाने मला घरी कधी पोचते असं झालं.

आईला सगळं सांगितलं. तिने भाजीची जुडी पुढ्यात ओढली. मग म्हणाली, "म्हणजे न चमकणं चांगलं?"

"पाण्याच्या रोपाने न चमकणं चांगलं."

"अच्छा," म्हणाली आणि भाजी निवडायला लागली.

सोमवारी फोन वाजला. मी उठायच्या आत आईने उचलला. "जी... नहीं, भैया, वो नहीं आएगी," ती खणखणीत आवाजात म्हणाली. "उसका पौधा नहीं चमका!"