दिवसाचं काम

चेन्नईत वेस्ट मांबलमला आमच्या इमारतीसमोर पावसाळी पाण्याच्या गटाराचं खोदकाम सुरू झालं, तेव्हा ते रात्री दहानंतर चालायचं. यांच्या बायपासला जेमतेम महिना झाला होता. यंत्राचा आवाज सुरू झाला की ते दचकून उठून बसत. म्हणून तक्रारीचा अर्ज मीच लिहिला. बँकेतली सगळी नोकरी पत्रं लिहिण्यात गेलेली, अर्ज चांगला उतरला. सगळ्या बिऱ्हाडांनी सह्या केल्या आणि आठवड्याभरात काम दिवसा होऊ लागलं.

गाड्या थांबवायला लाल-हिरवे झेंडे घेऊन एक माणूस उभा असे. मला फोनवर बोलताना ऐकून एकदा त्यानं विचारलं, "मावशी, आपल्याकडच्या का तुम्ही?" तो लातूरकडचा. चेन्नईत येऊन दोन वर्षं झाली तरी मराठी बोलणारं कुणी भेटलं नव्हतं त्याला. मग दुपारी मी त्याला ताक नेऊन देऊ लागले.

"दिवसा बरं वाटत असेल ना तुला?" मी विचारलं.

"दिसतो तरी माणसांना," तो म्हणाला. "पण रात्री अख्खा रस्ता बंद करायचो, आत निवांत काम. दिवसा बंद करू देत नाहीत. गाड्या अंगाला घासून जातात. झेंड्याकडं कोण बघतंय, मावशी?"

अर्जाचं मी बोलले नाही.

एका बुधवारी सकाळी थांबलेल्या बसला वळसा घालणाऱ्या पाण्याच्या टँकरनं त्याला उडवलं. लख्ख ऊन होतं. मी खाली पोचले तोवर कुणीतरी त्याच्यावर ताडपत्री टाकली होती.

मुकादमाला मराठी येत नव्हती, हिंदीही मोडकीच. झेंडेवाल्याच्या बायकोला फोन मलाच करावा लागला. झालं ते मी सांगितलं. ती म्हणाली, "दिवसाचं काम लागलं होतं ना त्यांना? मी मारुतीला नारळ फोडला हो त्यासाठी."

शेजारी उभ्या हवालदारानं तमिळमध्ये विचारलं, "काय म्हणतेय?"

"रडतेय," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी त्याचा भाऊ आला. शवागाराबाहेर मी त्याला अर्जाची सगळी हकिकत सांगितली.

"वहिनीला नका सांगू हे," एवढंच तो म्हणाला आणि रुग्णवाहिकेत ड्रायव्हरशेजारी जाऊन बसला.