पिवळ्या मारबतीनं नेलं ते

त्या वर्षी पिवळ्या मारबतीची ओटी भरताना मी एकच मागणं घातलं होतं, की डॉक्टर मातीला मिळू दे. बाकीच्या बाया लेकराबाळांचं मागत होत्या. कुणी तान्ह्याला आणून तिच्या पायाशी घालत होतं, कुणी नवऱ्याचा दमा जाऊ दे म्हणत होतं. मी तोंडानं "सगळ्यांचं भलं कर" म्हणत होते आणि मनात त्या माणसाचं नाव घेत होते. देवी ऐकते यावर तेव्हा माझा विश्वासच उरला नव्हता. ऐकत असती तर माझा निरपराध नवरा नागपूरच्या जेलात चक्की पिसत बसला असता का, असं मी तिच्या तोंडावर विचारलं असतं, पण मागे ओटीवाल्यांची रांग होती.

आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत निघते. बांबू, कागद आणि कापडाची ही उंच बाई लोक शहरभर मिरवतात आणि शेवटी गावाबाहेर नेऊन जाळतात. ती जाताना घराघरातून ओरडतात, "इडा पिडा घेऊन जा गे मारबत", आणि आजाऱ्याच्या अंगावरची चिंधी, मोडकी केरसुणी, असं काहीबाही तिच्या मागे फेकतात. जे नको आहे ते तिच्यासोबत जातं. तिच्यामागे बडगे असतात. ज्यानं लोकांना छळलं त्याचा गवताचा पुतळा म्हणजे बडग्या, त्याच्याच ढबीचा, त्याच्यासारख्याच कपड्यातला, गळ्यात फाटक्या जोड्यांची माळ. कधी गोऱ्या साहेबाचा निघे, कधी सारा वसूल करणाऱ्या एखाद्या मालगुजाराचा. त्या वर्षी डॉक्टरचा निघणार होता आणि तो माझ्या सांगण्यावरून बनत होता.

हा डॉक्टर विलायतेहून शिकून आलेला. नागपूरच्या महाल भागात रस्त्याला लागून त्याचा दवाखाना, वर राहतं घर. हात खरोखर चांगला होता त्याचा, ते मी नाकारत नाही. पण गर्व असा, की रोग्याला नाव विचारायचीही त्याला गरज वाटत नसे. समोरच्या गल्लीत एक म्हातारे डॉक्टर बसत. गरिबांना फुकट तपासत, धोतर-कोट घालत. त्यांना हा चारचौघांत "बैलांचा डॉक्टर" म्हणायचा आणि स्वतःच हसायचा. माझे यजमान याच्याकडे कंपाउंडर होते. एका मालगुजाराचा मुलगा याच्या दवाखान्यात दगावला. औषधाची बाटली डॉक्टरनंच स्वतःच्या हातानं कपाटातून काढली होती, घाईत चुकीची काढली होती. पण कोर्टात त्यानं शांतपणे सांगितलं, की बाटली कंपाउंडरनं दिली. न्यायाधीशानं विलायती डॉक्टरवर विश्वास ठेवला, कोष्ट्याच्या पोरावर ठेवला नाही. यजमानांना शिक्षा झाली त्या दिवशी मी रडले नाही. घरी येऊन चूल पेटवली, भाकरी थापली, आणि थापता थापता ठरवलं की या माणसाला मी त्याच्याच दारात खाली बघायला लावीन.

म्हणून मी त्याच्याच घरी कामाला लागले. त्याच्या मुलीला, कुमुदला, सांभाळायला आणि वरकामाला बाई हवी होती. मी नाव माहेरचं सांगितलं, तेवढंच. यजमानांचा डबा घेऊन मी कितीदा तरी त्या दवाखान्याच्या पायरीशी उभी राहिले होते, पण डॉक्टरनं कंपाउंडरच्या बायकोकडे कधी मान वळवून पाहिलंच नव्हतं. त्याचा गर्वच माझ्या उपयोगी पडला. बाईसाहेब मात्र साध्या होत्या आणि पोरगी तर अशी लाघवी, की मला पहिल्या दिवसापासून मावशी म्हणू लागली. मी मन घट्ट केलं होतं. तिची वेणी घालताना सुद्धा माझं लक्ष डॉक्टरकडे असे. तो घड्याळाची साखळी बोटाला कशी गुंडाळतो, रोग्याला कसा "पुढचा!" म्हणून हाकलतो, हॅट कशी कपाळावर ओढतो, हे सगळं मी संध्याकाळी घरी जाऊन गंगाराम भाऊजींना सांगे. गंगाराम माझे धाकटे दीर, बडग्या करण्यात त्यांचा हात धरणारा आमच्या भागात कुणी नव्हता.

"वहिनी, तुम्ही सांगून राहिल्या तसा चेहरा केला तर तो सोता घाबरीन पाहून," ते म्हणायचे.

"घाबरला पाहिजे," मी म्हणे. "त्याच्या दारासमोर थांबवजा त्याले. हलू देऊ नका."

एवढ्यानं माझं समाधान होईना. डॉक्टरच्या टाकाऊ सदऱ्याची एक बाही मी उसवून घेतली आणि कमरेला खोचून ठेवली. मारबत दारावरून गेली की ती तिच्यामागे फेकायची, म्हणजे त्या घरातून जे जायचं ते तोच जाईल, असा माझा हिशेब होता.

पोळ्याच्या आधी कुमुदचा घसा धरला. डॉक्टरनं बघितलं आणि थंडी बाधली म्हणून औषध दिलं. बाईसाहेब दबक्या आवाजात म्हणाल्या, "समोरच्या डॉक्टरांना एकदा दाखवू या का?" त्यावर तो असा काही हसला, की त्यांनी पुन्हा तोंड उघडलं नाही. मारबतीच्या दिवशी सकाळी पोरीच्या गळ्यातून शीळ वाजल्यासारखा आवाज येऊ लागला, ओठ निळे पडले. डॉक्टरनं तोंड उघडून आत पाहिलं आणि त्याचा चेहरा पांढरा झाला. घटसर्प होता. घशात पडदा धरून श्वासाची वाट बंद होत चालली होती. गळ्याला छेद देऊन नळी बसवायची, एवढाच उपाय उरला होता. त्यानं शस्त्र उचललं. त्याचा हात असा थरथरू लागला की ते खाली पडलं. परत उचललं, परत पडलं.

"मला जमणार नाही," तो म्हणाला. मग भिंतीकडे तोंड करून, बायकोला की स्वतःलाच कोण जाणे, बोलू लागला. "त्या पोराच्या वेळेपासून माझा हात असाच होतो. कंपाउंडर चुकला नव्हता गं. बाटली मी काढली होती. मी."

हेच ऐकायला मी त्या घरात भांडी घासली होती. ते कानावर पडलं आणि मला काहीसुद्धा आनंद झाला नाही, कारण माझ्या मांडीवर कुमुद श्वासासाठी तडफडत होती आणि तिनं माझा अंगठा घट्ट धरला होता. खाली रस्त्यावर मारबतीचे ढोल वाजू लागले होते. घरातले नोकर तमाशा पाहायला गेलेले. मी डॉक्टरला विचारलं, "बोलावू का समोरच्या डॉक्टरांना?" त्यानं पडलेलं शस्त्र उचलून बाजूला ठेवलं. मग म्हणाला, "जा. माझ्या वतीनं पाय धर त्यांचे."

मी पोरीला बाईसाहेबांच्या मांडीवर ठेवलं आणि जिना उतरले. दारात पोचले तर पुढे वाट नव्हती. सगळा महाल रस्त्यावर लोटला होता. पिवळी मारबत मान वर करून पाहावं लागेल एवढी उंच, डुलत डुलत येत होती आणि तिच्यामागे हॅट घातलेला, साखळी लावलेला, जोड्यांची माळ घातलेला माझा बडग्या दिसत होता. लोक आनंदानं ओरडत होते. मी घुसायला पाहिलं, परत फेकली गेले. पुन्हा घुसले, पुन्हा तेच. भाऊजींना हाका मारल्या, ढोलांत कुणाला काय ऐकू येणार! तो बडग्या दारासमोर येऊन थांबला की गर्दी आणखी घट्ट होणार होती, कारण त्याला हलू देऊ नका असं मीच सांगितलं होतं. त्या क्षणी एक दुष्ट विचारही येऊन गेला, तो लपवत नाही. इथेच उभी राहा, तुझं मागणं पुरं होतंय, असा तो विचार होता. मी त्याला लाथ मारली आणि पुन्हा गर्दीला खांदा लावला. जाणार म्हणजे जाणार होते, पण वाट सापडेना आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

तेवढ्यात कुणी तरी दंड धरला. एक बाई होती, उंच, वयस्क पण ताठ, हळदीच्या रंगाचं लुगडं नेसलेली. मी आमच्या भागातल्या बऱ्याच बाया ओळखते, ही कधी पाहिली नव्हती.

"काहून रडून राहिली वं?" तिनं विचारलं.

"मले पलीकडं जायचं आहे. डॉक्टरले आणाले. पोरगी मरून राहिली."

"कोनाची पोरगी?"

"माही," मी म्हणाले. तो शब्द मी ठरवून उच्चारला नव्हता.

तिनं आणखी काही विचारलं नाही. माझा पदर मुठीत धरला आणि "सरका गा! लेकरू आहे, वाट द्या!" असं म्हणत गर्दीत शिरली. आवाज काही फार मोठा नव्हता, तरी माणसं बाजूला होत गेली. मारबतीच्या पायापाशी रेटा इतका होता की माझा पदर टर्रकन फाटला. तिनं मागून मला असं ढकललं, की मी सरळ समोरच्या गल्लीच्या तोंडाशी जाऊन पडले. उठून वळून पाहिलं तेव्हा ती मारबतीच्या मागे चालू लागली होती, माझ्या पदराची चिंधी तिच्या हातात तशीच होती. मग ती दिसेनाशी झाली.

म्हाताऱ्या डॉक्टरांनी पाय धरू दिले नाहीत. पिशवी उचलली आणि निघाले. येताना मात्र मी भाऊजींपर्यंत पोचले आणि बडगे जागीच थोपवून धरायला लावले. त्यांनी आणि त्यांच्या माणसांनी हाताला हात धरून आम्हाला दार गाठून दिलं. वर गेल्यावर म्हाताऱ्यांनी एका शब्दानंही कुणाला टोचलं नाही. डॉक्टरला पोरीचं डोकं धरायला लावून छेद दिला, नळी बसवली, घटसर्पावरचं इंजेक्शन टोचलं. कुमुदची छाती वर झाली, खाली झाली, पुन्हा वर झाली. बाईसाहेब माझ्या गळ्यात पडून रडू लागल्या आणि मीही रडले, शिक्षेच्या दिवसापासून साठलेलं सगळं.

खाली आरडाओरडा वाढला होता. बडग्या दारासमोर आला होता. डॉक्टर खिडकीत गेला, स्वतःलाच खाली पाहिलं, आणि अनवाणी जिना उतरू लागला. मी मागोमाग गेले. मला वाटलं आता पोलिसांना हाक मारतो. तो त्या पुतळ्यासमोर जाऊन उभा राहिला. हुर्यो हुर्यो करणारे लोक त्याचा रक्ताळलेला सदरा पाहून हळूहळू गप्प झाले.

"याला जाळायचं ते जाळा," तो म्हणाला, "पण कशासाठी ते नीट ऐकून घ्या." आणि त्यानं सगळं सांगितलं. बाटली कुणी काढली, कोर्टात खोटं कोण बोललं, तुरुंगात कोण बसलंय. बोलून झाल्यावर तो स्वतःच्या बडग्यामागे चालू लागला, गावाबाहेर, जाळायच्या जागेपर्यंत. कुणी त्याच्यावर चिखल फेकला, त्यानं पुसला नाही. भाऊजी पुढे होते, ते सारखं वळून माझ्याकडे पाहत होते. मी सोबत गेले, पण मला ओरडावंसं वाटलं नाही.

संध्याकाळी घरी येऊन लुगडं बदलताना कमरेची गाठ सुटली आणि ती बाही खाली पडली. फेकायची राहूनच गेली होती. मी बाही एका हातात आणि फाटका पदर दुसऱ्या हातात घेऊन चुलीपाशी बसून राहिले. मी द्यायला आणलं होतं ते तिनं घेतलं नव्हतं. तिनं माझंच नेलं होतं. डॉक्टरविषयीची आग मी मनात शोधून पाहिली, तर तिथे नुसती थकलेली जागा होती, बाळंतिणीला वाटते तशी हलकी.

डॉक्टरनं कोर्टात जाऊन खरी जबानी दिली. त्याला जे भोगायचं होतं ते त्यानं कुरकुर न करता भोगलं. पुढे स्वतःच्या नावाची पाटी काढली आणि समोरच्या गल्लीत म्हाताऱ्या डॉक्टरांच्या हाताखाली बसू लागला. तिथे तो प्रत्येक रोग्याला आधी नाव विचारतो, हे मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. यजमान सुटले त्या दिवशी तो जेलच्या दाराशी आला होता. मी कोण हे त्याला तोवर कळलं होतं. तो पुढे झाला आणि हात जोडून उभा राहिला. हे तसेच उभे, दाढी वाढलेली, हात दगडी झालेले. मी मनात म्हटलं, आता यांना जे बोलायचं ते बोलू दे, यांचा हक्क आहे.

हे म्हणाले, "डॉक्टरसाहेब, पोरगी कशी आहे?"

डॉक्टर तिथेच खाली बसला आणि मोठ्यानं रडला.

त्या बाहीचं मी कुमुदच्या बाहुलीला झबलं शिवलं. ती पिवळ्या लुगड्यातली बाई कोण, कुठली, मी पुष्कळ चौकशी केली, पत्ता लागला नाही, आणि आता करतही नाही. दर वर्षी मी मारबतीची ओटी भरते. कुमुद सोबत येते, गळ्यावरचा व्रण झाकायचा नाही असं मी तिला सांगून ठेवलंय. मागे रांग असते, बाया घाई करतात, मावशी आटपा म्हणतात. मी लवकर आटपते, कारण मला काही मागायचं नसतं. माझ्यातलं काय न्यायचं ते तिला ठाऊक आहे.