बिभीषण काकांची मोजणी

बिभीषण काकांनी बत्तीस वर्षं जमिनी मोजल्या. या बत्तीस वर्षांत ते ज्या बांधावर उभे राहिले तिथे त्यांना आधी चहा मिळाला आणि पाठ वळल्यावर दोन्ही बाजूंकडून शिव्या. निवृत्त होऊन ते केडगावच्या एका कॉलनीत राहायला आले. तिथल्या मोकळ्या जागेवर सिमेंटचा कोबा झाला, काकांनी त्यावर स्वतः मोजून रेषा आखल्या आणि बघता बघता ते बॅडमिंटनचे सर झाले. हा खेळ ते स्वतः मोबाइलवर बघून शिकले होते, पण ते कुणाला सांगायचं कारण नव्हतं. सकाळी सहाला पांढरे बूट, गळ्यात शिट्टी आणि मागे ‘सर, सर’ करणारे नवशिके. नोकरीत ‘साहेब’ म्हणणारे पुष्कळ भेटले होते, पण मनापासून कुणीच म्हटलं नव्हतं. हे ‘सर’ खरं होतं, आणि त्यासाठी काका काहीही करायला तयार होते.

शिकवायचे मात्र झकास. “फूल कमरेच्या खालून मारायचं. सर्व्हिस हाय ती, नारळ फोडायचा न्हाई! आपला गुण सम असला की उजवीकडून, विषम असला की डावीकडून, आन् फूल गेलं पायजे समोरच्या तिरक्या चौकोनात. एकवीस झाले की डाव. वीस-वीस झाले तर दोनची आघाडी लागती. रेषेला फूल शिवलं तरी आत.” सगळं बरोबर. फक्त डाव संपल्यावर बाजू बदलायची असते, हा एक नियम काका सांगत नसत. कुणी विचारलंच तर म्हणत, “ते स्टेडियमातल्यांसाठी हाय.”

आणि एक नियम कॉलनीने स्वतःच केला होता. फूल आत की बाहेर, हे तिथल्या वडीलधाऱ्या माणसाने सांगायचं आणि बाकीच्यांनी मान डोलवायची. वडीलधारे कोण, तर काका. असे दोन वर्षं काका अजिंक्य होते.

सव्वीस जानेवारीच्या स्पर्धेत त्यांच्यासमोर अंतिम सामन्याला सुकन्या आली. पोलीस भरतीची तयारी करणारी मुलगी. चार महिन्यांपूर्वी तिला रॅकेट धरायला काकांनीच शिकवलं होतं. पहिला डाव काकांनी एकवीस-अठराने घेतला. सुकन्याने पाण्याची बाटली उचलली आणि सरळ काकांच्या बाजूला येऊन उभी राहिली.

“काका, बाजू बदला.”

“काय गरज न्हाई. इथं ना वारं हाय, ना ऊन.”

“नियम हाय, काका. मी वाचलाय.”

“बदला की काका,” वेल्डिंगवाला सलमान म्हणाला. नेटचे खांब त्यानेच बनवले होते. “काय फरक पडतोय?”

काय फरक पडतो हे काकांना पक्कं ठाऊक होतं, पण ते सांगण्यासारखं नव्हतं. गेले पलीकडे.

दुसऱ्या डावात त्यांचं प्रत्येक लांब फूल मागच्या रेषेबाहेर पडायला लागलं. काका सवयीने “आत!” म्हणत राहिले, पण फूल इतकं उघड बाहेर पडायचं की मान डोलवणाऱ्यांच्या मानाही अवघडल्या. सुकन्या एकवीस-नऊने जिंकली आणि म्हणाली, “सलमानभाई, जरा टेप लावा. इकडं एक पाऊल माघं टाकलं की रेषाच संपती.”

सलमानने टेप लावला. पलीकडे नेटपासून मागच्या रेषेपर्यंत बावीस फूट. काकांच्या कायमच्या बाजूला साडेवीस.

“टेप ताणला न्हाई नीट,” काका म्हणाले. मग म्हणाले, “जागेला उतार हाय.” मग म्हणाले, “तिथं पाण्याचा व्हॉल्व्ह हाय, म्हनून आत घ्यावी लागली.” व्हॉल्व्ह रेषेपासून चांगला चार फूट लांब होता. गर्दीतून कुणीतरी ओरडलं, “सर, फेरमोजणीचा अर्ज करा!” आणि कोबा हसण्याने दणाणला. दीड फूट म्हणजे काय मोठंसं, गुडघा दुखतो, तेवढी सवलत आपण स्वतःला दिली, असं काका दोन वर्षं स्वतःला समजावत आले होते. आज ते समजावणं काही कामाला येईना.

सलमानने दुकानातून पांढरा रंग आणून नवी रेषा मारली. ती वाळल्यावर तिसरा डाव सुरू झाला. सुकन्याचे अकरा झाल्यावर नियमाप्रमाणे पुन्हा बाजू बदलली आणि ती नव्या रेषेकडे आली. लवकरच तिचे वीस झाले, काकांचे अकरा. काकांना धाप लागली होती, शर्ट पाठीला चिकटला होता, आणि कालपर्यंत मागे फिरणारे नवशिके तोंडावर हात ठेवून हसत होते. सुकन्याने ते पाहिलं. तिला एकदम वाईट वाटलं.

पुढचं फूल तिने जाळीत घातलं. त्याच्या पुढचंही. मग काकांचं एक फूल हातभर बाहेर पडलं, तर तीच म्हणाली, “आत!” लोकांना कळलं. हसणं थांबलं. म्हातारा माणूस आहे, सणाचा दिवस आहे, जाऊ द्या, असं म्हणत बाहेर पडलेल्या प्रत्येक फुलाला सगळी कॉलनी एका सुरात “आत!” म्हणू लागली. वीस-पंधरा, वीस-अठरा, वीस-वीस, आणि मग काकांचे एकवीस.

शेवटचं फूल काकांनी जीव खाऊन मारलं. ते ताज्या रेषेच्या पलीकडे चार बोटं पडलं. “आत!” सुकन्या ओरडली आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

ज्या डोळ्यांनी बत्तीस वर्षं शिवारं मोजली, त्यांना चार बोटं चुकणार होती थोडीच? ही टाळी कसली आहे, हेही त्यांना कळत होतं. ‘बाहेर’ हा शब्द अगदी जिभेपर्यंत आला.

मग काका लगबगीने जाळीखालून वाकून पलीकडे गेले आणि कुणी बघायला यायच्या आत त्यांनी ते फूल उचललं.