जेवणानंतरचा तास

ताई गेल्याचा फोन मालतीकाकूंनी केला. काकू म्हणजे पंचवटीतल्या आमच्या माहेरच्या भिंतीपलीकडच्या शेजारीण. सख्खी बहीण मी, पण लग्न होऊन पुण्यात. चार दिवसांच्या त्या तापात ताईच्या उशाशी होत्या त्या काकूच. दीड महिना झाला, रडू ओसरलं... काकूंचा हेवा मात्र ओसरत नाही.

खरं तर आधी हेवा होता तो ताईचाच. नव्वदच्या आसपासची गोष्ट. लग्नाच्या पंगतीत ती आठ-आठ जिलब्या खायची आणि कंबर होती तेवढीच. मी नुसत्या वासानेही फुगायचे. "हिच्या अंगाला काही लागतच नाही," आई कौतुकाने सांगायची. जेवण झालं की ताई न्हाणीघरात जायची आणि नळ मोठा सोडायची. त्याचं कुणालाच काही वाटलं नाही. मग एकदा दातांच्या डॉक्टरांनी तिचे झिजलेले दात बघून विचारलं, "आंबट फार खाता का?" ताईच्या आधी मीच बोलले, "चोरून चिंचा खाते." तिला बोलणी बसावीत, एवढाच माझा हेतू. डॉक्टरांनी मला बाहेर बसायला सांगितलं. ताई रडून बाहेर आली, हातात मानसोपचारतज्ज्ञांच्या नावाची चिठ्ठी.

बुलिमिया हा शब्द आमच्या घरात तेव्हा पहिल्यांदा आला. आईला ते नखरे वाटले. मानसोपचाराच्या डॉक्टरीणबाईंनी तिला समजावलं, "उपाशी राहते, मग भूक आवरत नाही, मग खाल्ल्याची लाज वाटते म्हणून ओकते. आजार आहे हा, बरा होतो." सोमवार-चतुर्थी बंद, वेळच्या वेळी खाणं, दर आठवड्याला त्यांच्याशी बोलणं, आणि जेवताना व नंतर तासभर कुणीतरी सोबत. ताईने काकूंना निवडलं. काकू त्र्यंबकेश्वरच्या दुकानांसाठी फुलवाती वळायच्या. ताई त्यांच्यासमोर जेवायची, मग दोघी कापूस घेऊन ओट्यावर. मी खिडकीतून बघत जळायचे. शेवटी विचारलंच, "मी काय परकी आहे?"

"तू माझ्या ताटाकडे बघतेस गं," ताई म्हणाली. "काकू कापसाकडे बघतात."

दोन-अडीच वर्षं लागली. मधे दोनदा घसरली, पण सावरली. पुढे पंगतीत दोन जिलब्या खाऊन निवांत गप्पा मारत बसायची.

तेराव्याला काकूंनी ताईने वळलेल्या वातींचा डबा माझ्या हातात दिला. "फोटोपुढे लाव," म्हणाल्या. मी एकही लावली नाही. ते सगळे तास काकूंना मिळाले, निदान डबा तरी माझा राहू दे...

माझी मुलगी चौदा वर्षांची आहे. परवा ती जेवत असताना मी टक लावून तिच्या ताटाकडे बघत होते, तिने घास तसाच खाली ठेवला. त्या दिवसापासून मी कापूस घेऊन तिच्यासमोर बसते. माझ्या वाती अजून जाड होतात. ती जेवते, मी मान वर करत नाही.