बाबांनी निवडलेले टेनिसचे बूट

हिंगणघाटच्या बाजारात बाबांचा हात प्रसिद्ध होता. कापसाची चिमूट घ्यायची, बोटांत ताणायची आणि माल कसा आहे ते सांगून मोकळं व्हायचं. त्यांना चुकलात म्हणायची कोणाची छाती नव्हती. आईसुद्धा त्यांना खोडून काढायची ती फक्त भाजीच्या मिठाबद्दल.

मी तेव्हा अकरावीत होते. गिरणीच्या क्लबातल्या मुरमाच्या कोर्टावर पीटीचे कॅनव्हासचे बूट घालून टेनिस खेळायचे. त्यातून अंगठा खुशाल बाहेर यायचा. जिल्ह्याच्या निवडीचा सामना रविवारी वर्ध्याला ठरला आणि बाबा असे काही फुलले, की सोमवारीच आम्ही वर्ध्यातल्या बुटांच्या दुकानात!

दुकानदाराने जोडांचा ढीग लावला. बाबांनी एकेक दाबला, ताणला, एक तर चक्क गालाला लावून पाहिला. शेवटी त्यांनी उंच, गुबगुबीत टाचेचा, सगळ्यांत मऊ जोड उचलला.

"पोरीले जरा पळून तर पाहू द्या," दुकानदार म्हणाला.

"हात लावला का समजते आपल्याले."

मीही मान डोलावली. खोटं कशाला बोलू, गादीवर चालल्यासारखं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी कोर्टावर डावीकडच्या चेंडूकडे झेपावले, तर पाय बुटासकट कलंडला आणि मी मुरमात बसकण मारली. आमच्या सरांनी बूट उलटसुलट करून पाहिला.

"हे सरळ पळाचे जोडे हायेत. टेनिसमधी आडवं पळा लागते. टाच बुटकी पायजे, बाजू टणक पायजे. हे घालून खेळशीन तर घोटा मोडून घेशीन."

आली का पंचाईत! जुन्या बुटांवर रविवार निघणार नव्हता, नव्या बुटांत घोटा जाणार होता, आणि बाबांना सांगायचं कोणी? दोन दिवस मी तोंड शिवून बसले. गुरुवारी जेवताना डोळे मिटले आणि सगळं एका दमात ओकून टाकलं. बाबांचा घास हातातच राहिला.

"काऊन नाई सांगतलं पहिले?" एवढंच म्हणून ते हात धुवायला उठले. मला रडूच कोसळलं.

शुक्रवारी मला घेऊन ते त्याच दुकानात हजर. "माहा जोड चुकला," त्यांनी भर दुकानात सांगितलं, "टेनिसचा दाखवा." मग स्वतःच्या मापाचा एक जोड पायात चढवला, पायजमा वर खोचला आणि कपाटांच्या मधून आडवे पळत सुटले. "आडवं पळा लागते, आडवं!" गिऱ्हाइकं भिंतीला चिकटली. मीही माझ्या मापाचा जोड घालून त्यांच्यामागे. आम्ही बापलेक खेकड्यांसारखे इकडून तिकडे, हसून हसून माझ्या पोटात कळा!

"बाप्पा, काच फुटन!" दुकानदार ओरडत होता.

तिसऱ्या जोडाला बाबा वळले आणि जागच्या जागी थांबले. पाय तसूभर हलला नाही. माझाही नाही. तोच घेतला.

रविवारी शेवटच्या गुणाला चेंडू पार डावीकडे गेला. मी पळाले, पाय रोवला, बूट धरून राहिला आणि माझा फटका रेषेच्या आत पडला. जिंकले! रॅकेट फेकून मी शाबासकी घ्यायला बाबांकडे धावले. ते सगळ्यांसमोर खाली मातीत बसले, माझ्या बुटाची नाडी सोडली आणि घोटा दाबून पाहू लागले.

"दुखत तर नाई ना बेटा?"

मी नाही म्हटलं. तरी त्यांनी दुसऱ्या पायाचीही नाडी सोडली.